अर्जाच्या चौकटीला नाव द्या!

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते, तेव्हा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. मराठवाड्यातील एका खेड्यातला, एम. ए.च्या पहिल्या वर्षाला शिकणारा, जन्मापासून अंध. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. त्याचा अर्ज त्रुटी काढून परत आला होता. प्रवर्गाच्या रकान्यात 'अनुसूचित जाती/नवबौद्ध' याऐवजी भलताच पर्याय निवडलेला आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांकही चुकलेला. हा अर्ज त्याने स्वतः भरलाच नव्हता. तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रावर पैसे देऊन भरून घेतला होता. बाहेर रांग लागलेली, केंद्रचालक घाईत. "झालं रे, गेला तुझा फॉर्म," एवढे ऐकून पोरगा एसटीने घरी गेला. पडद्यावर काय भरले गेले हे तपासायला त्याच्यापाशी काहीच साधन नव्हते.

आम्ही त्याला विचारले, "अरे, तुला तर कॉम्प्युटर चांगला येतो. मग तू स्वतः का नाही भरलास?"

तो म्हणाला, "सर, बसलो होतो की भरायला. दोन रात्री बसलो. पण कोणत्या चौकटीत काय लिहायचं तेच कळंना. आवाज नुसता 'एडिट, ब्लँक' म्हणतो."

आम्हाला हे खरे वाटेना. म्हणून त्याच्या शेजारी बसलो आणि हेडफोनचे एक टोक आमच्या कानाला लावले. त्याने टॅबची कळ दाबली. 'एडिट, ब्लँक.' पुन्हा दाबली. 'एडिट, ब्लँक.' आम्हाला डोळ्यांनी दिसत होते, की पहिली चौकट आडनावाची आहे आणि दुसरी वडिलांच्या नावाची. त्याला मात्र दोन्ही चौकटी सारख्याच मुक्या होत्या. पुढे दोन गोल बटणे आली. आवाज म्हणाला, 'होय', मग म्हणाला, 'नाही'. प्रश्न कोणता, हे सांगितलेच नाही. तुम्ही अनाथ आहात काय? तुम्ही वसतिगृहात राहता काय? तुम्ही दुसरी शिष्यवृत्ती घेता काय? यांपैकी कशाला होय म्हणायचे? पदवीधर झालेल्या मुलाला व्यवस्थेने अडाण्याच्या रांगेत उभे केले होते. त्या रात्री आम्ही एकेक रकाना वाचून दाखवला, त्याने मजकूर भरला आणि अर्ज मुदतीत गेला. पण ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. त्याला दरवर्षी कोणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागणार असतील, तर त्याचे शिक्षण स्वावलंबनाचे कसे म्हणायचे?

ही अडचण नेमकी कोठून येते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या आधाराने. ही प्रणाली पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. जॉज नावाची अशी प्रणाली अमेरिकेत १९८९ पासून आहे, पण तिचा परवाना गरिबाला परवडणारा नाही. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए ही फुकट प्रणाली लिहायला घेतली. त्याच्याबरोबर जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण आला. आज जगभरातील गरीब अंध विद्यार्थी तिच्यावर शिकतात आणि ती मराठीही वाचते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक असतेच. म्हणजे अंधाच्या बाजूची तयारी झालेली आहे, आणि तीही बरीचशी अंधांनी स्वतःच केलेली आहे. उणीव आहे ती अर्ज बनवणाऱ्याच्या बाजूला.

स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही, तो चित्रामागची लिपी वाचतो. वेबपान ज्या एचटीएमएल लिपीत लिहिले जाते, तिच्यात प्रत्येक गोष्टीला अर्थाची एक खूण असते. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण, ही लिहिण्याची चौकट. अर्जातील चौकटीला नाव देण्यासाठी 'लेबल' नावाची खूण आहे. चौकटीला एक ओळख द्यायची आणि लेबलमध्ये 'हे नाव त्या ओळखीच्या चौकटीचे' असे लिहायचे. काम एवढेच, प्रत्येक चौकटीमागे एक ओळ. मग टॅब दाबताच आवाज म्हणतो, 'वडिलांचे नाव, आवश्यक'. हीच ओळ लिहिली नाही तर 'एडिट, ब्लँक'. आपल्याकडे बहुतेक अर्ज तक्त्यासारखे मांडतात. डाव्या खणात नाव, उजव्या खणात चौकट. डोळस माणसाला शेजार दिसतो आणि तो मनातच जोडणी करतो. यंत्राला असा शेजार भरवशाने कळत नाही. त्याला नाते लिहून सांगावे लागते.

प्रश्न आणि त्याखालचे पर्याय एकत्र बांधण्यासाठी 'फील्डसेट' आणि 'लेजंड' या दोन खुणा आहेत. त्या वापरल्या तर 'होय' म्हणण्याआधी आवाज प्रश्न सांगतो. अर्जात चूक झाली की चौकट लाल होते. पण लाल रंग ऐकू येत नाही. कोणत्या चौकटीत काय चुकले हे शब्दांत लिहून त्या चौकटीशी जोडले, तर ते ऐकू येते. जिल्हा, तालुका, गाव निवडण्याच्या याद्या पुष्कळ ठिकाणी साध्या चौकोनांना रंगरंगोटी करून बनवतात. दिसायला त्या झकास असतात, पण त्यांच्यावर यादीची खूण नसते. त्यामुळे कीबोर्डने त्या उघडत नाहीत आणि आवाजाला त्या सापडतही नाहीत. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत 'येथे नाव लिहा' असे टाकून लेबलची पळवाट काढणारेही आहेत. पहिले अक्षर टाइप केले की ती सूचना नाहीशी होते. अंधाचे सोडा, चाळिशी लागलेल्या डोळस माणसाचीही त्यात फजिती होते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पानाची भाषा कोणती, हे त्या लिपीच्या पहिल्याच ओळीत सांगायचे असते. मजकूर मराठी असूनही तेथे इंग्रजी लिहून ठेवलेली पाने आम्ही पाहिली आहेत. मग इंग्रजी आवाज मराठी अक्षरांसमोर अडखळतो किंवा गप्पच बसतो. ती नोंद बदलायला दोन अक्षरे पुरतात.

हे तंत्रज्ञान नवे असल्याने आमच्या लोकांना अजून जमलेले नाही, असे कोणी अधिकारी सांगेल. ते खरे नाही. लेबल, फील्डसेट आणि लेजंड या खुणा डिसेंबर १९९७ मध्ये, एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत आल्या. सर्वांना वापरता येतील अशी पाने कशी करावीत, याचे डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक निकष मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या केंद्र सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली. म्हणजे एम. ए.ला बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याच्या जन्माआधी या खुणा लिहून तयार होत्या. कमी आहे ती त्या वापरण्याच्या इच्छेची.

खर्चाची सबबही जुनीच आहे. १९९९ साली सिडनी ऑलिम्पिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आयोजकांनी प्रचंड खर्चाचे आणि वेळेचे आकडे पुढे केले. आयोगाने ती सबब मानली नाही आणि ऑगस्ट २००० मध्ये मॅग्वायर यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. घर बांधतानाच दार रुंद ठेवले तर जादा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर भिंत फोडायची म्हटले की खर्च येतो. मग सुरुवातीलाच दार अरुंद कोणी ठेवले, याचा जाब विचारायला नको काय?

हा दोष केवळ आपल्या देशात आहे असेही नाही. वेबएम ही अमेरिकन संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले आणि जवळपास निम्म्या पानांवर चौकटींना लेबल नव्हते. परंतु तेथील आणि येथील परिस्थितीत फरक आहे. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर वस्तू घेता आली नाही तर दुसऱ्या दुकानात जाता येते. शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश, नोकरभरती, जातीचा दाखला यांना दुसरे दुकान नसते. शासनाने कागदी अर्ज बंद केला आणि ऑनलाइन हीच एकमेव वाट ठेवली. एकमेव वाट ज्याला चालता येत नाही, त्याला वाटच नाही.

आता कायद्याकडे पाहू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिले, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी आहे. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा दिल्या. आरक्षण मिळाले, पण त्याचा अर्ज ऑनलाइन आणि चौकटी मुक्या! ज्याला अर्जच भरता येत नाही त्याच्यासाठी जागा राखून कोणाचा फायदा झाला? पुढे 'पात्र उमेदवार मिळाले नाहीत' असा शेरा मारून जागा रिक्त ठेवायला शासन मोकळे. अनुशेषाचे हे गणित आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच कायद्याच्या ४२ व्या कलमाने माहिती आणि संपर्काची साधने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे काम शासनावर टाकले. ४६ व्या कलमाने सेवा देणाऱ्या शासकीय आणि खासगी संस्थांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले, की कायदा बंधन घालतो आणि नियम मात्र नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही. नियम १५ चा पहिला उपनियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी आणि अमर जैन या अंध वकिलाने बँकांच्या डिजिटल केवायसीविरुद्ध दाद मागितली होती. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगते. ती ज्याला करता येत नाही त्याने काय करायचे? डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि वीस निर्देश दिले. सुगम्यतेची ठराविक काळाने तपासणी करा, आणि नवी सेवा सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या, हे त्यांतलेच.

म्हणजे कायदा झाला, निकाल लागले, निकष आहेत, तरी चौकट मुकी. असा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरी चवदार तळे बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तेथे जाऊन पाण्याला हात लावावा लागला. आम्ही या दोन दुःखांची बरोबरी करत नाही. अस्पृश्यतेमागे धर्माने पोसलेली विटाळाची घृणा होती. येथे बहुतेक वेळा बेफिकिरी आहे. पण कागदावर खुले आणि व्यवहारात बंद या युक्तीला आपण पुरते ओळखतो, आणि ओळखणाऱ्याने गप्प बसू नये.

शिवाय हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. कुपोषण, वेळेवर न मिळालेले उपचार, धोक्याची कामे हे आपल्या वस्त्यांतले वास्तव आहे, तेव्हा या फरकाचे आश्चर्य कोणाला वाटावे? अंध मुलगा बौद्ध किंवा मातंग घरातला असेल, तर त्याच्या वाट्याला दोन रांगा येतात. अपंगांच्या संघटनेत त्याची जात बोलली जात नाही आणि आपल्या संघटनेत त्याचे अंधत्व बोलले जात नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले. फलक बदलले, शासकीय कागद बदलले, राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. विभागाचे स्वागतच आहे. पण नाव गोंडस ठेवले म्हणजे हक्क पदरात पडला असे होत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्याच्या हातून अर्ज भरून घेण्यात आणखी एक धोका आहे. आधार क्रमांक, मोबाईलवर आलेला ओटीपी, पासवर्ड हे सारे अनोळखी माणसाच्या स्वाधीन करावे लागते. आपल्या जातीची, उत्पन्नाची, अपंगत्वाच्या टक्क्यांची माहिती रांगेतल्या चारचौघांसमोर मोठ्याने सांगावी लागते. डोळस माणूस ही माहिती गुपचूप टाइप करतो. अंधाला ती जाहीर करावी लागते. यात मदत करणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. परंतु मदत मागावीच लागेल अशी व्यवस्था उभी करायची आणि मग मदत करणाऱ्याचे गोडवे गायचे, याला आम्ही दया म्हणतो, हक्क म्हणत नाही.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्या संघटना शिबिरांची, परिषदांची, वधूवर मेळाव्यांची नोंदणी ऑनलाइन घेतात. त्या अर्जांची परीक्षा आपण कधी घेतली आहे काय? परिषदेची पत्रिका मोबाईलवर चित्र म्हणून फिरते. त्या चित्रातले एक अक्षरही अंध कार्यकर्त्याला ऐकू येत नाही. सोबत चार ओळींचा मजकूर टाइप करून टाकला तर त्याला ठिकाण आणि वेळ कळेल. आपली कित्येक मासिके आणि पुस्तिका युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. पडद्यावर ते मराठी दिसते, पण स्क्रीन रीडरला तेथे इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग ऐकू येते. ज्या चळवळीने वाचन हे मुक्तीचे साधन मानले, तिच्या पुस्तिका तिच्याच अंध पोरांना वाचता येऊ नयेत, ही आपली चूक आहे. ती आपणच दुरुस्त केली पाहिजे.

परीक्षा घेणे अवघड नाही. कोणताही ऑनलाइन अर्ज उघडा आणि चौकटीवर नव्हे, तर चौकटीच्या नावावर क्लिक करा. कर्सर आपोआप चौकटीत गेला तर नाव आणि चौकट जोडलेली आहेत. नाही गेला तर बहुधा ती चौकट मुकी आहे. मग माउस बाजूला ठेवा आणि केवळ टॅब, बाण आणि एंटर या कळांनी तो अर्ज शेवटपर्यंत भरून पाहा. कोठे अडकलात ते लिहून ठेवा. शक्य असेल तर एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि पुन्हा भरा. ही तपासणी दहावी झालेला कार्यकर्ताही करू शकतो. अडकलेल्या जागांची यादी घेऊन संबंधित खात्याला निवेदन द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर राज्याच्या अपंग आयुक्तांकडे तक्रार करा. कायद्याने त्यांना चौकशीचा अधिकार दिलेला आहे.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संकेतस्थळ बनवण्याच्या निविदेतच सुगम्यतेची अट घाला आणि अंध व्यक्तींनी अर्ज स्वतः भरून दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल काढू नका. या चाचणीचे मानधन त्या अंध व्यक्तींना द्या, कारण ते कुशल काम आहे. प्रत्येक चौकटीला लेबल, प्रत्येक प्रश्नाला लेजंड आणि चुकीची सूचना शब्दांत असलीच पाहिजे. चित्रातली वाकडी अक्षरे ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाला पर्याय द्या. भरता भरता वेळ संपून अर्ज पुसला जाऊ नये म्हणून मुदत वाढवण्याची सोय ठेवा. आणि संकेतस्थळाच्या दोषामुळे ज्याचा अर्ज चुकला, त्याला मुदत संपल्यानंतरही दुरुस्तीची संधी द्या. चूक शासनाची आणि वर्ष वाया जाणार विद्यार्थ्याचे, हा न्याय नव्हे.

या शैक्षणिक वर्षाचे अर्ज पुन्हा सुरू होतील. आमचा तो विद्यार्थी पुन्हा संगणकापुढे बसेल. पुन्हा टॅबची कळ दाबेल. त्या वेळी त्याच्या कानात काय पडणार, हे कोठल्या तरी कार्यालयात बसलेला एक प्रोग्रामर आणि त्याचे बिल मंजूर करणारा एक अधिकारी ठरवणार आहे. त्या दोघांना जाब विचारायला तालुक्या-तालुक्यातून आपले कार्यकर्ते उभे राहिले पाहिजेत. निवेदने आजच लिहायला घ्या. अर्ज सुरू झाल्यावर उशीर होईल.